डॅम्पर पुलीची निसटलेली कडी : सांगलीतील एका डिझेल गाडीचे प्रकरण

चार सिलिंडरची, कॉमन रेल पद्धतीची एक डिझेल हॅचबॅक सांगलीत माधवनगर रस्त्यावरील आमच्या गॅरेजमध्ये आली, तेव्हा तिचे निदान आधीच झालेले होते. बिगेंड बेअरिंग (कनेक्टिंग रॉड क्रँकशाफ्टला जोडतो तेथील बेअरिंग) गेले असून हाफ इंजिन (इंजिन खोलून आतली अर्धी दुरुस्ती) करावे लागेल, असे मालकांना दुसऱ्या एका गॅरेजमध्ये सांगण्यात आले होते आणि खर्चाचा आकडा ऐकून ते आणखी एक मत घ्यायला आले होते. मालक तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार. बेदाण्याचे सौदे सुरू असल्यामुळे गाडी फार काळ उभी ठेवणे त्यांना परवडणारे नव्हते. प्रत्यक्षात बेअरिंग शाबूत होते. बिघाड क्रँकशाफ्टच्या, म्हणजे पिस्टनांमुळे फिरणाऱ्या इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, पुढच्या टोकावरील डॅम्पर पुलीत, म्हणजेच हार्मोनिक बॅलन्सरमध्ये होता आणि त्याचे मूळ पुलीच्याही बाहेर होते. प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, या पुलीची लक्षणे बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग), अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा जनित्र) आणि बेअरिंग अशा चार भागांच्या नावावर सहज खपून जातात आणि ते सगळे बदलून झाले तरी बिघाड जागचा हलत नाही.

तक्रारींचा क्रम

तक्रारी एकदम आलेल्या नव्हत्या. सुरुवातीला सकाळी गाडी चालू करताना बेल्ट किंचाळत असे. पुढे रात्री हेडलाइट आणि एसी दोन्ही चालू असताना मीटरवरचा बॅटरीचा लाल दिवा लुकलुकू लागला. बेल्ट बदलल्यावर काही आठवडे बरे गेले. मग नव्या बेल्टचीही एका बाजूची कड झिजून दोरे लोंबू लागले. तेव्हा पुन्हा बेल्ट आणि त्याच्यासोबत अल्टरनेटरही बदलण्यात आला. हा अल्टरनेटर नवा नव्हता, रिवाइंडिंग करणाऱ्याकडून घेतलेला दुरुस्त केलेला होता. ही गोष्ट मालकांनी जाता जाता सांगितली, पण पुढे ती महत्त्वाची ठरली. अखेरीस इंजिन न्यूट्रलमध्ये संथ चालत असताना खालच्या बाजूने ठोकल्यासारखा आवाज येऊ लागला आणि तेथून ‘हाफ इंजिन’ हा शब्द निघाला. गाडीचे स्टीअरिंग इलेक्ट्रिक असल्याने त्यावर काहीच परिणाम नव्हता. हायड्रॉलिक स्टीअरिंगचा पंप याच बेल्टवर असलेल्या गाडीत स्टीअरिंग मधूनच जड होणे हे आणखी एक लक्षण दिसले असते.

वापराची माहिती विचारली असता एक बाब स्पष्ट झाली. गाडीचा बहुतेक वापर घर, बाग, बेदाण्याचे शेड आणि कोल्ड स्टोरेज अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत होत होता. इंजिन पुरते तापण्याच्या आत बंद केले जात होते. ऑइल बदलण्याची वेळही किलोमीटरच्या हिशेबाने पाळली जात होती. किलोमीटर कमी पडत असल्यामुळे ते ऑइल महिन्यांच्या हिशेबाने केव्हाच म्हातारे झालेले होते.

ही पुली नेमके काय करते

बोनेट उघडल्यावर ही पुली बेल्ट फिरवणारी एक साधी चकती वाटते आणि घोटाळा येथूनच सुरू होतो. क्रँकशाफ्ट ही जाड पोलादी असली तरी ताठ नसते. प्रत्येक सिलिंडरमधील ज्वलनाचा धक्का कनेक्टिंग रॉडमार्फत क्रँकला एका ठिकाणी बसतो, त्या क्षणी शाफ्टला किंचित पीळ पडतो आणि धक्का ओसरताच तो उलगडतो. चार सिलिंडरच्या चार स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात असे दोन धक्के बसतात. म्हणजे मिनिटाला ८०० फेऱ्यांच्या संथ गतीलासुद्धा मिनिटाला १६००, सेकंदाला सुमारे २७ धक्के. पीळ अंशाच्या अपूर्णांकात मोजण्याइतका छोटा असतो, पण इंजिनच्या एखाद्या ठरावीक गतीला या धक्क्यांची, किंवा त्यांच्या पटीतल्या कंपनांची, वारंवारिता शाफ्टच्या स्वतःच्या नैसर्गिक वारंवारितेशी जुळली की पीळ एकावर एक साठत वाढतो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सहा सिलिंडरच्या लांब क्रँकशाफ्ट अशाच कंपनांनी तुटू लागल्या आणि त्यातूनच लँचेस्टरसारख्या ब्रिटिश अभियंत्यांनी क्रँकच्या टोकाला डॅम्पर बसवण्याची कल्पना पुढे आणली.

क्रँकच्या मागच्या टोकाला जड फ्लायव्हील असते, त्यामुळे ते टोक सहसा डगमगत नाही. सगळी थरथर पुढच्या, मोकळ्या टोकाला जास्त जाणवते. म्हणून डॅम्पर तेथेच बसवतात. आजच्या बहुतेक गाड्यांत त्याची रचना तीन भागांची असते : क्रँकला बोल्टने घट्ट बसणारा हब, त्याभोवती रबराचा थर आणि त्या रबराला चिकटलेली जड लोखंडी कडी. कडीचे वजन आणि रबराचा ताठरपणा हे दोन्ही त्या विशिष्ट इंजिनसाठी जुळवलेले असतात. हब पिळाबरोबर मागेपुढे थरथरतो, कडी आपल्या वजनामुळे एकसारखी फिरत राहू पाहते आणि मधले रबर त्या फरकात मळले जाऊन कंपनाची ऊर्जा उष्णतेच्या रूपात बाहेर टाकते. बेल्टच्या खाचा याच कडीवर कोरलेल्या असतात, म्हणून आपण तिला पुली म्हणतो. डिझेल इंजिनात ज्वलनाच्या वेळचा दाब पेट्रोलपेक्षा बराच जास्त असल्याने धक्केही दांडगे असतात आणि रबराला काम जास्त पडते.

रबराची पकड सुटली की दोन गोष्टी एकदम बिघडतात. डॅम्पिंग जाते, ती डोळ्यांना दिसत नाही. आणि बेल्ट फिरवणारी कडी हबवर घसरू लागते. सगळ्या तक्रारी या दुसऱ्या गोष्टीच्या असतात.

आवाजाची छाननी

पहिला प्रश्न बेअरिंगचाच सोडवणे भाग होते, कारण बिगेंड खरोखर गेलेले असेल तर गाडी आणखी चालू ठेवून तपासणी करणे म्हणजे क्रँकचा बळी देणे. म्हणून इंजिन चालू करण्याआधीच ऑइल फिल्टर काढून त्याचा कागद कापून उघडला. त्यात चमकणारी धातूची कुसळे नव्हती, काळा चिकट गाळ मात्र भरपूर होता. नवा फिल्टर बसवला, ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी मेकॅनिकल गेज लावला आणि इंजिन तापवून पाहिले. दाब कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या आत होता. स्कॅनरवरून एकेक सिलिंडरचे इंजेक्शन बंद करून पाहिले, तेव्हा प्रत्येक वेळी इंजिन तेवढेच लंगडले, पण ठोक्याच्या आवाजात फरक पडला नाही. एखाद्या रॉडचे बेअरिंग सैल असते, तर त्याच सिलिंडरचे ज्वलन थांबताच आवाज उतरायला हवा होता. येथे एक सावधगिरीची सूचना देणे आवश्यक वाटते. जुन्या डिझेल गाड्यांत इंजेक्टरच्या पाइपचे नट ढिले करून सिलिंडर तपासण्याची जी पद्धत होती, ती कॉमन रेल इंजिनात कधीही वापरू नये. त्या पाइपातील दाब हजार बारच्या पुढे जातो आणि ती पिचकारी कातडीच्या आत शिरते.

आवाजाचा स्वभावही बेअरिंगच्या विरुद्ध साक्ष देत होता. रॉडचे बेअरिंग सहसा रेस आणि लोड वाढला की जास्त बोलते. हा ठोका संथ गतीला सर्वांत मोठा होता, दीड हजार फेऱ्यांच्या पुढे विरून जात होता आणि एसीचे बटण दाबताच त्याची लय बदलत होती. याचे कारण असे की, संथ गतीला क्रँकच्या वेगातील चढउतार सर्वांत तीव्र असतात, त्यामुळे सुटी कडी हबवर पुढेमागे आपटते. रेस वाढली की चढउतार मवाळ होतात, आणि कॉम्प्रेसरचा लोड आला की बेल्ट कडीला एका बाजूला ओढून धरतो. अर्थात एवढ्या अनुमानावर कोणाचे इंजिन खोलू नये, तसे कोणाची पुलीही खोलू नये.

त्यामुळे बेल्ट काढून इंजिन थोडा वेळ चालवले. या इंजिनात पाण्याचा पंपही याच बेल्टवर फिरतो, म्हणून ही चाचणी एक-दीड मिनिटाच्या वर लांबवता येत नाही. बेल्ट नसताना अल्टरनेटर, कॉम्प्रेसर, पंप, टेन्शनर आणि आयडलर हे सगळे उभे होते, तरी ठोका होताच. म्हणजे संशयित दोनच उरले : इंजिनचे अंतरंग आणि क्रँकची पुली.

बेल्ट परत चढवून, सुरक्षित अंतरावरून त्याच्या धारांवर थोडे पाणी फवारले. सैल बेल्टची किंचाळी पाण्याने वाढते; बेल्ट वाकड्या रेषेत धावत असेल तर ती क्षणभर थांबते. येथे ती थांबली. उजवे पुढचे चाक आणि त्यामागचे प्लास्टिकचे आवरण काढून पाहिले तेव्हा कारण समोरच होते. कडी आतल्या बाजूला सुमारे तीन मिलिमीटर सरकलेली होती. सहा धारांच्या बेल्टमध्ये दोन धारांमधील अंतर ३.५६ मिलिमीटर असते, म्हणजे बेल्ट जवळजवळ एका खाचेने वाकडा धावत होता आणि प्रत्येक नव्या बेल्टची आतली कड कापली जाणे अटळ होते. टायमिंग कव्हरच्या अॅल्युमिनियमवर चंद्रकोरीच्या आकाराचा चकचकीत ओरखडा पडलेला होता. कडीची मागची किनार तेथे घासत होती. कव्हरच्या कोपऱ्यात साचलेली काळी भुकटी चिमटीत घेतली तर ती ऑइलने कालवलेल्या रबराच्या पिठासारखी लागली.

पांढरी रेघ

एवढे दिसल्यावरही पुराव्याची एक पायरी उरते आणि ती इतकी स्वस्त आहे की ती गाळण्याला कोणतीही सबब नाही. इंजिन बंद असताना पुली पुसून हबपासून रबरावरून कडीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. रंग वाळल्यावर इंजिन चालू करून एसी, हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर असा सगळा लोड टाकला, दोन-तीन वेळा रेस दिली आणि बंद केले. हबवरची रेघ आणि कडीवरची रेघ यांच्यामध्ये दोन बोटांचे अंतर पडलेले होते. मालक शेजारीच उभे होते. त्यांना आणखी काही समजावून सांगावे लागले नाही.

त्याच्या पुढची मोजणी आम्ही कुतूहल म्हणून केली, पण ती उपयोगी आहे. कडीवर परावर्तक पट्टी चिकटवून ऑप्टिकल टॅकोमीटरने कडीचा वेग मोजला आणि स्कॅनरवर क्रँकचा वेग पाहिला. या गाडीत क्रँक सेन्सर फ्लायव्हीलच्या बाजूला असल्याने स्कॅनर खरा वेग दाखवतो. स्कॅनरवर २००० असताना, पूर्ण लोडखाली, कडी १९०० च्या आसपास फिरत होती. बेल्ट कडीवर घसरत नव्हता. बेल्ट ज्या कडीवर बसतो, ती कडीच घसरत होती. संथ गतीला अल्टरनेटरचा व्होल्टेज लोडखाली १२.४ पर्यंत उतरत होता, तो १४ च्या आसपास राहायला हवा. लाल दिव्याचा उलगडा येथे झाला आणि अल्टरनेटर उगाच बदलला गेला हेही. ज्या इंजिनांत सेन्सरचे दाते याच पुलीच्या कडीवर असतात, त्यांत हीच घसरण मिसिंग, गाडी मध्येच बंद पडणे किंवा टायमिंगचे कोड अशा रूपात येते आणि निदान आणखी भरकटते.

रबर का सुटले

नवी पुली मागवून बसवून दिली असती तर गाडी त्या दिवशी गप्प झाली असती. परंतु या गाडीचे वय पाहता रबर वाळून भेगाळलेले मिळायला हवे होते; येथे ते उलट, खालच्या निम्म्या भागात मऊ, फुगलेले आणि बोटाने दाबले तर खचणारे होते. वाळलेले रबर म्हणजे वय आणि उष्णता. फुगलेले रबर म्हणजे ऑइल. क्रँकच्या पुढच्या सीलच्या (क्रँकभोवती ऑइल अडवून धरणाऱ्या रिंगच्या) खाली तेलकट मातीचा जाड थर होता आणि तो पुलीच्या मागच्या बाजूपर्यंत पोहोचलेला होता.

सील जुने होऊन गळू शकते, हे खरे. पण सील बदलण्याआधी त्याच्यामागे किती दाब आहे हे पाहणे आम्ही टाळत नाही. डिपस्टिक काढून तिच्या नळीवर रबरी हातमोजा घट्ट बांधला आणि इंजिन संथ चालवले. मोजा आत ओढला जाण्याऐवजी टम्म फुगून उभा राहिला. क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरते त्या इंजिनच्या खालच्या पोकळीत, दाब साठत होता, याची दोन कारणे असू शकतात : पिस्टनच्या रिंगांवरून जास्त वायू खाली येत आहे, किंवा नेहमीइतकाच येत आहे पण त्याला बाहेर जायला वाट नाही. पहिले असेल तर पुन्हा इंजिन खोलण्याचा प्रश्न उभा राहतो, म्हणून येथे घाई करून चालत नव्हते. ब्रीदरचा (क्रँककेसमधील वायू बाहेर नेणारा) पाइप ऑइल सेपरेटरच्या (त्या वायूतले ऑइल वेगळे करणाऱ्या भागाच्या) तोंडापासून सोडवला आणि ते तोंड मोकळे ठेवून मोजा परत लावला. फुगणे थोडे कमी झाले, पण गेले नाही. मग सेपरेटरच काढून पाहिला. त्याच्या आतल्या अरुंद वाटा पिवळट-तपकिरी, लोण्यासारख्या साक्याने जवळजवळ बुजलेल्या होत्या आणि टर्बोकडे जाणाऱ्या पाइपाच्या कोपरातही तोच साका होता. सेपरेटर स्वच्छ करून बसवल्यावर मोजा किंचित आत ओढला गेला. रिंगा निर्दोष ठरल्या.

असा साका बनण्यास थंड इंजिन कारणीभूत होते. ज्वलनातून होणारी पाण्याची वाफ क्रँककेसमध्ये येते. इंजिन पुरेसे तापले तर ती ब्रीदरमधून निघून जाते, न तापले तर ऑइलमध्ये मिसळून सेपरेटरच्या थंड भिंतींवर थिजते. तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्या आणि वर्षानुवर्षे न बदललेले ऑइल यांतून हेच होणार होते.

दुसरे कारण अल्टरनेटरवर होते. या इंजिनाला मूळ अल्टरनेटरवर एका दिशेने मोकळी फिरणारी क्लच पुली असते. अल्टरनेटर क्रँकच्या अडीच ते तीन पट वेगाने फिरतो आणि त्याचा रोटर जड असतो. क्रँक प्रत्येक ज्वलनानंतर किंचित मंदावते तेव्हा रोटर आपल्या वेगाने पुढे जाऊ पाहतो. क्लच पुली त्याला पुढे जाऊ देते, साधी पुली तो सगळा झटका बेल्टवर आणि बेल्टमार्फत डॅम्परच्या कडीवर देते. रिवाइंडिंगवाल्याकडून आलेल्या अल्टरनेटरवर साधी, भरीव पुली होती. ओळखण्याची रीत सोपी आहे : मागचा पंखा हाताने धरून पुली फिरवावी, एका दिशेला ती मोकळी फिरायला हवी. येथे ती दोन्ही दिशांना रोटरला घेऊन फिरत होती. रबर ऑइलने आधीच सैल झालेले होते. या पुलीने त्याचा शेवट लवकर आणला, असे माझे मत आहे. ‘बेल्ट बसतो ना, मग पुली चालते’ या समजुतीवर बाजारात रोज असे अल्टरनेटर बसवले जातात.

वेल्डिंगचा आग्रह

पुलीची किंमत ऐकल्यावर मालकांनी जो प्रश्न विचारला, तो सांगलीत जवळजवळ प्रत्येक जण विचारतो : “मिस्त्री, कुपवाडला नेऊन चार टाके मारून आणू का? तासाभराचं काम आहे.” कुपवाड एमआयडीसीत चांगले टर्नर आणि वेल्डर आहेत, ते कडी हबला सरळ जोडूनही देतील, बेल्ट रेषेत धावेल, दिवा विझेल आणि गाडी तक्रार न करता चालेल. नेमके हेच त्यातले वाईट आहे. वेल्डिंगने पुली दुरुस्त होते, डॅम्पर मात्र नाहीसा होतो. कडीचे सगळे वजन आता क्रँकच्या मोकळ्या टोकावर घट्ट बांधले जाते, त्यामुळे शाफ्टची नैसर्गिक वारंवारिता खाली येते आणि ती जास्त वापरातल्या गतीच्या टप्प्यात येण्याचा धोका वाढतो. पीळ शोषायला काही उरत नाही, टाक्यांच्या उष्णतेने पुली थोडी वाकते व तोल बिघडतो, आणि हे सगळे क्रँकच्या कोपऱ्यांत बारीक भेगांच्या रूपाने साठत जाते. क्रँक तुटते तेव्हा त्या वेल्डिंगची आठवण कोणालाही राहत नाही.

भंगारातून निघालेली पुली घेण्याचाही विचार मालकांनी बोलून दाखवला. तिच्या रबराचे वय माहीत नसते आणि बाहेरून धड दिसणारे रबर आत हबपासून सुटलेले असू शकते, म्हणून तोही नाकारला. स्वस्तातल्या डुप्लिकेट पुल्यांबाबत माझा आक्षेप असा आहे की, त्या मापाने बरोबर असतात पण त्यांचे रबर या इंजिनसाठी जुळवलेले आहे की नाही हे दुकानदारही सांगू शकत नाही. कित्येकांत रबराची फक्त पातळ रेघ दाखवलेली असते. वाहननिर्मात्याच्या पार्ट नंबरचीच पुली मागवली. मालक थोडे नाराज झाले, पण हाफ इंजिनच्या आकड्याशी तुलना केल्यावर त्यांनी मान डोलावली.

काम

या इंजिनात क्रँकच्या टोकावरील टायमिंगचे गिअर की (खाचेत बसणारी लोखंडी पाचर) घालून अडकवलेले नाही. पुलीचा बोल्टच त्याला दाबून धरतो. अशा रचनेत बोल्ट सैल करताच व्हॉल्व्हचे टायमिंग (ते उघडण्या-मिटण्याची वेळ) हलू शकते आणि डिझेलमध्ये पिस्टन व व्हॉल्व्ह यांच्यात जागा इतकी थोडी असते की चूक थेट हेडपर्यंत जाते. म्हणून बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) घेऊन, सर्वप्रथम क्रँक आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) दोन्ही टायमिंग पिनांनी अडकवले. या पिना फक्त जागा राखण्यासाठी असतात. बोल्टचा जोर त्यांच्यावर टाकला तर त्या वाकतात किंवा ब्लॉक फुटतो. जोर घेण्यासाठी तपासणीच्या खिडकीतून फ्लायव्हीलच्या दात्यांत लॉकिंग टूल बसवले. पान्याला पाइप लावून, चॅसिसला टेकवून स्टार्टरचा झटका देण्याची जी युक्ती सर्रास वापरली जाते, ती अशा इंजिनात टायमिंग बिघडवण्याची हमखास वाट आहे.

बोल्ट लांब दांड्याने सुटला. पुली काढताना पुलरचे पाय कडीला लावले नाहीत, हबवरील आट्यांच्या छिद्रांत बोल्ट घालून ओढले. जुनी पुली टाकूनच द्यायची होती, तरी अर्धवट सुटलेली कडी उसळून हातावर येते. बाहेर काढल्यावर कडी हाताने गोल फिरत होती.

सील काढण्यापूर्वी त्याची खोली मोजून ठेवली. सीलची जीभ जेथे टेकते, त्या पृष्ठभागावर नखाला जाणवेल अशी बारीक चरी पडलेली होती. हा पृष्ठभाग या इंजिनात पुलीच्याच हबच्या नळीवर असल्याने नव्या पुलीबरोबर तो आपोआप नवा झाला. तो क्रँकवर असता तर पातळ स्लीव्ह चढवावी लागली असती, किंवा सील एक-दीड मिलिमीटर वेगळ्या खोलीवर बसवावे लागले असते. नवे सील पीटीएफईचे (टेफ्लॉन जातीच्या प्लास्टिकचे) होते. अशा सीलला ऑइल लावायचे नसते, ते कोरडेच बसवायचे असते आणि बसवल्यावर सोबतच्या सूचनेप्रमाणे काही तास इंजिन चालू करायचे नसते. जुन्या नायट्राइल रबराच्या सीलची सवय असलेला हात नेमका येथे ऑइलच्या डबीकडे जातो.

बोल्ट नवा घेतला. हा बोल्ट कसताना ताणला जाण्यासाठीच बनवलेला असतो आणि एकदा ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा तोच दाब देत नाही. की नसलेल्या इंजिनात त्या दाबावरच टायमिंग उभे असते. आधी टॉर्क रेंचने पुस्तकातल्या मापापर्यंत आणि मग कोनमापकाने ठरलेल्या अंशांपर्यंत कसला. इंपॅक्ट गन या कामात अजिबात वापरली नाही. त्यानंतर लॉक आणि पिना काढून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवले आणि पिना परत घालून पाहिल्या. त्या अडथळ्याविना बसल्या. कडीच्या कडेवर डायल गेज लावून फिरवले, तेव्हा काटा मिलिमीटरच्या दशांशांतच हलत होता.

बाकीची कामे थोडक्यात अशी : अल्टरनेटरला योग्य क्लच पुली, नवा बेल्ट, ब्रीदरचा कोपराचा पाइप नवा, ऑइल आणि फिल्टर बदल. टेन्शनर सैल असेल अशी शंका होती, पण त्याचा हात खुणांच्या मध्ये स्थिर राहिल्याने तो ठेवला. आधी तो सारखा थरथरत होता; ती थरथर कडीची आणि भरीव पुलीची होती.

दुरुस्तीनंतर

संथ गतीला पूर्ण लोडखाली व्होल्टेज १४.१ मिळाला. कवलापूरमार्गे तासगावपर्यंत आणि परत असा प्रवास एसी लावून केला. ठोका नव्हता, बेल्ट खाचांच्या मधोमध धावत होता आणि परतल्यावर नव्या पुलीवर ओढलेली पांढरी रेघ अखंड होती. मालकांना दोन गोष्टी सांगितल्या. ऑइल किलोमीटर भरले नाहीत तरी वर्षातून एकदा बदलायचे. आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी मिरज किंवा विट्यापर्यंत सलग चालवायची, म्हणजे ऑइल तापून त्यातली वाफ निघून जाईल. पुढच्या सर्व्हिसला गाडी आली तेव्हा सील कोरडे होते, मोजा आत ओढला जात होता आणि रेघ जागेवर होती.

एक प्रश्न मात्र उघडा राहतो, आणि तो मालकांपासून लपवलेला नाही. डॅम्परची पकड सुटलेली असताना ही क्रँक बरेच दिवस चालली. त्या काळात तिच्या जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गोल भागांच्या) कोपऱ्यांत बारीक भेग सुरू झाली असेल का, हे इंजिन उतरवून मॅग्नेटिक क्रॅक तपासणी केल्याशिवाय कळत नाही. ऑइलमध्ये धातू नव्हता, दाब ठीक होता, आणि या गाडीचा वापर संथ गतीच्या छोट्या फेऱ्यांचा, महामार्गावर तासन्तास वेगात धावण्याचा नव्हता. म्हणून केवळ शंकेपोटी इंजिन न उतरवण्याचा सल्ला दिला. हीच गाडी टॅक्सी म्हणून सांगली–मुंबई पळत असती आणि तिची पुली कोणी वेल्डिंग करून वर्षभर चालवलेली असती, तर सल्ला वेगळा असता. तूर्त प्रत्येक ऑइल बदलाला फिल्टर कापून पाहायचा, कडीवरची रेघ तपासायची आणि इंजिनच्या पुढच्या बाजूने नवा आवाज आला तर गाडी न चालवता कळवायचे, एवढे ठरले आहे.